काढ्याचं समान वाटप

भुईकुंडच्या सहकारी संस्थेत अन्याय चालवून घेतात. तो सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे, एवढीच अट असते. एका दिवाळीला पेढे कमी आले, तेव्हा अध्यक्षांनी स्वतः सुरी घेऊन प्रत्येक पेढ्याचे चार तुकडे केले होते. तो चतकोर तुकडा कागदात बांधून नेताना सभासदांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती होती, ती अख्खा पेढा खाणाऱ्याच्या नशिबी नसते. त्याला शेजाऱ्याने दोन घेतल्याची शंका छळत असते.

ही संस्था कॉफी पिकवणाऱ्यांची. चिखलदऱ्याच्या अंगाला कॉफी पिकते असं पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं, की तो आधी हसतो आणि मग 'विदर्भात?' असं विचारून उगाचच घाम पुसतो. पण पिकते. इंग्रज साहेबाने उन्हाळ्यात पळून यायला हे पठार शोधलं, सोबत कॉफीची रोपं आणली आणि जाताना ती विसरून गेला. भुईकुंडकरांनी ती पिढ्यानपिढ्या जगवली. ती उपटून टाकण्याचा ठराव कधी एकमताने झाला नाही, हे त्याचं मुख्य कारण.

माणसांच्या तावडीतून सुटलेली कॉफी तांबेऱ्याने धरली. तांबेरा ही बुरशी. पानाच्या खालच्या अंगाला नारिंगी भुकटी दिसते. बोट लावलं तर बोट रंगतं. ती भुकटी म्हणजे बुरशीची बीजं. पानाला श्वास घ्यायला बारीक बारीक तोंडं असतात, आणि कॉफीच्या पानाची ही तोंडं खालच्या बाजूला असतात. पावसाचं पाणी तिथे थोडा वेळ टिकलं की बीज रुजतं, तोंडातून आत शिरतं, पेशींना नळ्या लावून अन्न ओढतं आणि मग पुन्हा भुकटी होऊन वाऱ्यावर स्वार होतं. पान गळतं. पानं गळालेलं झाड पुढच्या साली फळ धरत नाही. पूर्वी यावर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी फवारत. पानावर तांबं बसलं की बीज रुजण्याआधीच मरतं. आत शिरलेल्या बुरशीला मात्र ते काही करत नाही. पुढे पानात भिनणारी औषधं आली. ती बुरशीने काही वर्षं सोसली आणि नंतर पचवली. राहता राहिली पठारावरची थंडी. तांबेऱ्याला वेसण तिचीच होती. ती आता फक्त हॉटेलांच्या जाहिरातींत पडते.

मग ते यंत्र आलं.

यंत्राला सरकारी नाव होतं. ते उद्घाटनाच्या फलकावर तीन ओळींत मावलं होतं. लोक त्याला काढायंत्र म्हणत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉक्टर अद्वैत बेहेरे ते घेऊन आले होते. यंत्र हवेतली बुरशीची बीजं एका चिकट पट्टीवर धरायचं, त्यांची कुंडली वाचायचं आणि त्या बुरशीला जगायला कोणता निरोप सगळ्यात जास्त लागतो ते हुडकायचं. प्रत्येक जिवंत पेशीत वरच्या कचेरीतून खालच्या कारखान्याकडे असे निरोप जात असतात: हे बनव, ते बनव. यंत्र त्या निरोपाची एक दुपदरी नक्कल टाकीतल्या जिवाणूंकडून बनवून घ्यायचं. ती पानावर फवारली, की बुरशी ती शोषून घेते. दुपदरी निरोप दिसला म्हणजे शत्रू आला, असं बुरशीच्या अंगातच लिहिलेलं असतं. मग ती तसले सगळे निरोप कापत सुटते, स्वतःचा खरा निरोपसुद्धा. कारखाना बंद पडतो. बुरशी उपाशी मरते. झाडाला, मधमाशीला, माणसाला काही होत नाही. हे सगळं खरं होतं. भुईकुंडमध्ये खरी गोष्ट आली की तिचं काय करायचं ते पुढे पाहू.

यंत्र चालवायला कांचन तुरखडे हिला नेमलं. तिने अमरावतीला शेतकीचं शिक्षण घेतलं होतं. तिचा नवरा प्रफुल्लही त्याच वर्गातला, म्हणून दोघं एकमेकांना 'तू' म्हणत. त्यावरून तिच्या सासूने बरीच वर्षं सुस्कारे टाकले होते. दोघांची पूर्व उतारावर दोन एकर कॉफी होती. कांचनला झाडं आवडत आणि माणसं आवडत नसत. प्रफुल्लला दोन्ही आवडत. संध्याकाळी ती संस्थेतल्या गमती सांगून हसायची, आणि तो ताटावरून मान न उचलता म्हणायचा, "लोक वाईट नाहीत, कांचन. भेलेले आहेत." हा एवढा एक माणूस पठारावर आहे, म्हणून आपण अजून इथे आहोत, असं तिला वाटे. तिने ते त्याला कधी सांगितलं नव्हतं. चढून बसला असता.

पहिला घाणा तयार व्हायच्या आधी संस्थेत सभा झाली. डॉक्टर बेहेऱ्यांनी भिंतीवर नकाशा टाकला.

"वारा पश्चिमेकडून येतो," ते म्हणाले. "बुरशी आधी पश्चिम उतारावर वाढते आणि तिथून सगळ्या पठारावर उडते. एका घाण्यात एका उतारापुरताच काढा निघतो. म्हणून पहिला घाणा पूर्ण ताकदीने पश्चिम उतारावर मारायचा. बाकीच्यांनी तोवर जुनं मोरचूद-चुन्याचं पाणी मारून बीजं थोपवून धरायची. दुसऱ्या घाण्याच्या वेळी पुढचा उतार."

उकंडराव ठोंबरे उठले. उकंडराव प्रत्येक सभेत उठत, आणि नकाशा कळो न कळो, त्यावर कुणाचं घर आहे ते त्यांना पहिलं कळे.

"पश्चिम उतार म्हंजे दप्तरीचा ना?"

दप्तरीचाच होता. निशांत दप्तरी हा नागपूरचा. त्याने तो उतार घेऊन तिथे रिसॉर्ट टाकलं होतं. कॉफीची झाडं त्याने ठेवली ती पर्यटकांना फोटो काढायला. छाटणी नाही, सावली कापणं नाही, काही नाही. तांबेऱ्याला याहून चांगली धर्मशाळा सापडली नसती. वर त्याने झऱ्याला कुंपण घातलं होतं. साऱ्या गावाचं कशावर एकमत होत असेल, तर ते दप्तरीवर.

"म्हंजे ज्यानं काही केलं नाही त्याले सगळं औषध," उकंडराव म्हणाले, "आन् आमी मरमर केली, आमाले आज्याच्या काळचं निळं पानी."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष वासुदेवराव चिंचखेडे, म्हणजे भाऊसाहेब, यांनी हात वर केला. भाऊसाहेब देखणे, दयाळू आणि रिकामे होते.

"डॉक्टरसाहेब, औषध येवढं जालीम हाये म्हणता. मंग त्यात थोडं पानी वाढवलं तं सगळ्यायले पुरन का नाही?"

"अर्ध्या मात्रेनं बुरशी संपत नाही," बेहेरे म्हणाले. "जी निरोप शोषून घेत नाही, तीच तेवढी मागे उरते. मग तिचीच पिल्लावळ. पुढे पूर्ण मात्रेलाही ती ऐकत नाही. अर्धी मात्रा म्हणजे बुरशीची शिकवणी."

"पण थोडी मरते ना?"

"थोडी मरते, पण—"

"मंग झालं तं."

बेहेऱ्यांनी कांचनकडे पाहिलं. कांचनने नकाशाकडे बोट दाखवलं. मागच्या पडवीतून वांग्याच्या भाजीचा आणि पुऱ्यांचा वास आला. बेहेऱ्यांनी तिकडेही पाहिलं.

"लोकसहभागाच्या अंगाने विचार केला," ते सावकाश म्हणाले, "तर या सूचनेला एक वेगळं मूल्य आहे."

समान वाटपाचा ठराव एकमताने मंजूर झाला. बेहेरे जेवून गेले. जाताना जीपपाशी कांचनने त्यांना गाठलं.

"सर, तुम्हीच शिकवणी म्हणालात."

"मी तांत्रिकदृष्ट्या म्हणालो," बेहेरे म्हणाले. "अहवालात मी सामाजिक स्वीकारार्हता उत्तम असं लिहितोय. तुमचंही नाव घालतो."

चांगली माणसं अशी वेळेवर निघून जातात, म्हणून चांगली राहतात.

पुढची सभा काढ्याच्या रंगावर झाली. काढा पाण्यासारखा दिसतो अशी तक्रार होती. पाण्यासारखं दिसणारं औषध भुईकुंडमध्ये कुणी घेत नाही. डॉक्टरलासुद्धा इथे लाल बाटली ठेवावी लागते. तेव्हा रंग हवा. कोणी भगवा म्हणालं, कोणी निळा, कोणी हिरवा, आणि प्रत्येक रंगाला कुणाचा तरी झेंडा निघाला. जुनी भांडणं वर आली. शेवटी भाऊसाहेबांनी तोडगा काढला: काकवी घालावी. कॉफीचाच रंग येईल, वासही येईल, आणि काकवीला अजून कुठला पक्ष नाही.

कांचन तिथे बसली होती आणि तिच्या डोक्यात ती गोष्ट तेव्हाच शिरली. काकवी घातली की खाली निळं आहे की पांढरं, हे कुणाला कळणार नाही.

संस्थेच्या जुन्या गोदामात मोरचुदाची पोती पडून होती. आज्याच्या काळचं म्हणून कुणी नेत नव्हतं. चुना होता. काकवी ठरावाने मंजूर होती. सगळ्या सभासदांच्या डब्यांत मोरचूद, चुना आणि काकवी भरायची, आणि खरा काढा, थेंबही न मोडता, दप्तरीच्या उतारावर. म्हणजे बेहेऱ्यांच्या नकाशात होतं तेच, फक्त कुणाला न सांगता. लोकांना जे मिळवून द्यायचं होतं ते त्यांच्यापासून लपवून द्यावं लागतं, याचं तिला वाईट वाटलं नाही. तिला गुदगुल्या झाल्या. हे नोंदवायला हवं, कारण पुढे तिला जे सोसावं लागलं त्याबद्दल वाचकाला फार कळवळा येऊ नये.

दप्तरीची अडचण दप्तरीनेच सोडवली. काढा फवारायला यंत्रासोबत भुंगे आले होते: मुठीएवढी उडती यंत्रं. ती झाडाखाली शिरून खालून वर, पानाच्या पोटावर तुषार मारायची. ती थोडी होती, म्हणून बाकीच्यांनी पाठीवरचे पंप वापरायचे ठरलं होतं. दप्तरी स्वतः संस्थेत आला.

"मॅडम, ते भुंगे माझ्याकडे सोडा ना. शनिवारी गर्दी असते. लोक व्हिडिओ काढतील."

"तुमचा वाटा इतरांएवढाच आहे," कांचन म्हणाली.

"वाटा किती का असेना, उडताना दिसले पाहिजेत."

"दिवसभर उडवते," कांचन म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दप्तरीकडे पाहून मनापासून हसली.

डबे भरायचं काम तिने कॉफीची फळं सोलायच्या जुन्या शेडमध्ये केलं. मोरचूद वेगळी विरघळायची, चुना वेगळा विझवायचा, मग दोन्ही एकत्र ओतायचं, वर काकवी. चुना बरोबर पडला तर पाणी पानाला सोसतं. कमी पडला तर मोरचूद आंबट राहते आणि पान जाळते. तिने एकेक पिंप नीट जमवलं. आपला डबा तिने सगळ्यांत शेवटी भरला. घरच्यांना आधी दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून. शेवटच्या पोत्यातला चुना पावसाळी हवेत उघडा राहून मेला होता, भुगा झाला होता. चुन्यासारखा दिसायचा, पण त्यात जीव नव्हता. तिचे हात थकले होते. तिने तो टाकला आणि झाकण लावलं.

वाटपाच्या दिवशी भाऊसाहेबांनी नारळ फोडला आणि प्रत्येक डबा दोन्ही हातांनी दिला. लोकांनी झाकण उघडून वास घेतला, रंग पाहिला आणि शेजाऱ्याच्या डब्यात वाकून आपल्याएवढंच आहे याची खात्री केली. उकंडरावांनी काडीने खोली मोजली. पुढे आठवडाभर पठारावर असं दृश्य होतं, की तसं जुन्या माणसांनीही पाहिलं नव्हतं: मोरचूद फुकट दिली तरी गोदामात सडू देणारे हे लोक, पाठीवर पंप घेऊन, एकेका फांदीखाली वाकून, पानाच्या पोटाला फवारत होते. पुण्याचा काढा होता ना. वाया कसा घालवायचा?

पलीकडे दप्तरीच्या उतारावर भुंगे गुणगुणत होते आणि नागपूरचे पर्यटक त्यांच्याकडे पाहून हात हलवत होते.

पाऊस ओसरला तेव्हा पश्चिम उतारावर नारिंगी भुकटी शोधावी लागत होती. बाकीच्या मळ्यांत कुठे कुठे ठिपका होता, पण पान झाडावर होतं. यंत्राची चिकट पट्टी जवळजवळ कोरी येत होती. भाऊसाहेबांनी वर्तमानपत्राच्या माणसाला बोलावून 'समतेचा काढा' या विषयावर मुलाखत दिली. बेहेऱ्यांचं पत्र आलं. अर्धी मात्रा चालते असं दिसतं, हा निष्कर्ष परिषदेत मांडू का, असं त्यांनी विचारलं होतं. कांचनने ते वाचून शेगडीजवळ ठेवलं.

फक्त एका मळ्याची पानं कडेने करपली होती. तुरखड्यांच्या.

सकाळचा चहा उकळत होता. प्रफुल्ल मळ्यातून आला, पायरीवर चिखल सोडला आणि छाटणीची सुरी तिच्यासमोर ओट्यावर ठेवली. पातं लालसर झालं होतं. डब्याच्या तळाशी उरलेल्या काढ्यात त्याने ती बुडवून ठेवली होती. मोरचूद आंबट राहिली असेल तर लोखंडावर तांबं चढतं. शेतकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तेव्हा दोघं एकाच बाकावर होते.

"हे काय हाये?" त्याने विचारलं.

"सुरी."

"नवरा म्हणून नाही विचारून राह्यलो. वर्गातला म्हणून विचारतो."

कांचनने गॅस बारीक केला. "मोरचूद. चुना मेलेला होता."

"कोणाकोणाच्या डब्यात?"

"मोरचूद सगळ्यायच्या. मेलेला चुना आपल्याच."

"आन् काढा?"

"दप्तरीकडे."

प्रफुल्ल स्टुलावर बसला. चहा वर आला. कुणी तो उतरवला नाही आणि तो उतू गेला.

"दप्तरीकडे," तो म्हणाला. "ज्यानं झरा बंद केला."

"बुरशीले झऱ्याचं काही मालूम नाही, प्रफुल्ल. ते त्याच्याकडून येते, म्हणून त्याच्याकडे मारा लागते. तू सभेत होता ना. नकाशा पाह्यला ना."

"पाह्यला. मी हात पण वर केला वाटपाले. मले सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तं तू उभा राहून सगळ्यायले सांगितलं असतं."

"हाव, सांगितलंच असतं. समजून घेतलं असतं लोकायनं. एका झटक्यात नाही, पण दोन-तीन सभा बसलो असतो—"

"तोवर पानं बसली असती खाली."

त्याने सुरी उचलली, पातं विजारीला पुसलं. तांबं निघालं नाही.

"दुसऱ्या घाण्याले हेच करशील?"

"हाव."

"दर साली?"

"बुरशी दर साली येते."

वार्षिक सभेला मांडव होता. भाऊसाहेबांनी माईकवर पुस्तकी मराठीत भाषण केलं: निसर्गाने भेदभाव केला, संस्थेने केला नाही, आणि म्हणून निसर्ग हरला. मग दुसऱ्या घाण्याच्या समान वाटपाचा ठराव आला. तेवढ्यात उकंडराव उठले.

"मले एक विचारायचं हाये. सगळ्यायचे मळे हिरवे. तुरखड्याचाच काऊन जयला?"

मांडवातली माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली.

"मी सांगतो काऊन जयला," उकंडराव म्हणाले. "औषध जास्त झालं म्हणून जयला. आपल्याले भेटलं पाण्यासारखं, आन् बाईनं घरच्यासाठी ठेवलं घट्ट. लोभानं जयला."

कांचन पुढच्या खुर्चीवर बसली होती. तिला आधी हसू आलं. एवढ्या मोठ्या लबाडीतून या माणसांनी नेमका तोच एक गुन्हा शोधून काढला होता, जो तिने केला नव्हता. कारण तिच्या जागी त्यांच्यातल्या कुणीही तोच केला असता. मग हसू गेलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. ती उठून खरं बोलली, तर सुटली असती. पण मग दुसरा घाणा यांच्या पुढ्यात मोडला गेला असता, पाण्यात, डब्याडब्यात, आणि पुढच्या पावसाळ्यात काढ्याला न ऐकणारा तांबेरा दप्तरीच्या धर्मशाळेतून वर आला असता. गप्प राहिली, तर यंत्र तिच्याकडून काढून घेतलं असतं, आणि घेणारा उकंडरावांचा भाचा होता. काढ्यात पाणी घालायला त्याला कुणी शिकवावं लागलं नसतं.

तिने उठायला खुर्चीचा हात धरला. त्याआधी मागून आवाज आला.

"तिनं नाही घेतलं."

प्रफुल्ल उभा होता. हा माणूस सभेत चुकीचं वजन सांगितलं तरी स्वतःहून दुरुस्त करायचा. सरकारी मदत ठरवणाऱ्या आणेवारीच्या पाहणीत त्याने एकदा आपलं पीक चांगलं आलं असं सांगितलं होतं, आणि तहसीलदार त्याला आजारी समजला होता.

"मी घेतलं," प्रफुल्ल म्हणाला. "ती नसताना शेडमधून. दोन डबे घट्ट काढा. तिले मालूम नाही."

मांडवात जो सुस्कारा उमटला त्यात सुटकाच जास्त होती. प्रफुल्ल तुरखडेसुद्धा चोर निघाला, म्हणजे आता कुणालाच त्याच्यासारखं व्हायची गरज उरली नव्हती. उकंडराव तर प्रेमाने त्याच्याकडे पाहत होते.

भाऊसाहेबांनी दयाळूपणे निकाल दिला. कांचनबाईंचा दोष नाही. नवऱ्यापुढे बाईचं काय चालतं? त्यांनी यंत्र सांभाळावं. प्रफुल्लला मात्र दुसऱ्या घाण्यातून वगळावं. काढ्याचा थेंब त्याच्या मळ्यावर जाऊ नये. ठराव एकमताने मंजूर झाला. प्रफुल्लनेही हात वर केला.

घरी जाताना कांचनला बोलायचं होतं, पण आभार मानले तर ते कशाचे हे सांगावं लागलं असतं.

परतीच्या पावसात, दुसऱ्या घाण्याच्या वेळी, रस्त्यालगतच्या आपल्या मळ्यात प्रफुल्लने उघड्यावर पिंप मांडलं. गोदामातली उरलीसुरली मोरचूद त्याने स्वतः जाऊन आणली होती. कुणी अडवलं नाही. चुना त्याने नवा घेतला, दगड फोडून, विझवताना तापतो की नाही ते हाताने बघून. काकवी घालायचं कारण नव्हतं. पाणी आभाळासारखं निळं झालं. आपापले तपकिरी डबे, म्हणजे काकवीखालचं हेच निळं पाणी, घेऊन जाणारे लोक थांबून पाहायचे.

"आज्याचं औषध का रे प्रफुल्ल?"

"हाव."

"बिचारा," ते पुढे जाऊन म्हणायचे, पण ऐकू जाईल असं.

कांचन संस्थेतून दुपारी मळ्यात आली तेव्हा भाऊसाहेब चढ चढून येत होते. छत्री एका हातात, धोतराचा सोगा चिखलात, दुसऱ्या हातात झाकण लावलेला लहानसा डबा. तिला पाहून ते जरा ओशाळले.

"प्रफुल्ल," ते दम घेऊन म्हणाले, "शिक्षा संस्थेनं देल्ली. ते बरोबरच हाये. पण मी माणूस म्हणून आलो. माह्या वाट्यातलं थोडं आणलं. कोणाले सांगू नको."

"तुमचे उपकार, भाऊसाहेब."

"या निळ्या पाण्यानं काय होते रे?"

"काही नाही होत," प्रफुल्ल म्हणाला. त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पिंपात ओतला. तपकिरी धार निळ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. भाऊसाहेब ते डोळे भरून बघत राहिले. मग चप्पल सांभाळत, एका झाडाला धरत, खाली उतरले.

ते वळणाआड जाईपर्यंत प्रफुल्लच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तो काठीने पाणी ढवळू लागला.

"मी म्हणत जावो ना, लोक वाईट नाहीत म्हणून?"

"हाव."

"नाहीतच," तो म्हणाला. "वाईट व्हाले अक्कल लागते."

वाक्य चांगलं होतं. आधी सुचलं असतं तर कांचनने ते आपल्या नावावर वापरलं असतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता, ओठांच्या एका कोपऱ्याने, आणि हे हसू तिला आरशातलं माहीत होतं.

"येवढा चढ चढून आले ते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

"त्यायले कोणी सांगितलं होतं?"

काहीतरी बोलायला हवं होतं. की म्हातारा माणूस आहे, की आपला वाटा मोडून कोण आणतं, की तो भेलेला आहे. तिने शब्द जुळवले, पण तिच्या तोंडी ते बसेनात. असली बाजू तिने कधी कुणाची घेतली नव्हती. पठारावर हे काम करणारा एकच माणूस होता, आणि तो पंप पाठीवर अडकवून पुढच्या ओळीत शिरला होता, फांदी उलटी धरून, पानाच्या पोटाला अगदी नीट फवारत.